दोषी कोण, की घडले कसे? : वाहतूक अपघातांच्या चौकशीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत विमान, रेल्वे आणि जलवाहतुकीच्या अपघातांविषयीची पत्रे सर्वांत अधिक आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहे. मी रेल्वेच्या सिग्नल आणि दूरसंचार विभागात ३१ वर्षे नोकरी केली असल्यामुळे रेल्वेविषयीचे उत्तर इतरांपेक्षा लांबले आहे, ते वाचकांनी समजून घ्यावे.

प्रश्न : अहमदाबादच्या विमान अपघाताचा प्राथमिक अहवाल महिन्याभरात आला, पण त्यात कोणालाही दोषी ठरवलेले नाही. ही टाळाटाळ समजायची का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. त्या अहवालाने कोणाला दोषी ठरवले असते, तर ती खरी चिंतेची गोष्ट ठरली असती.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर लगेचच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ अशी २६० माणसे गेली. आपल्या देशात अशा अपघातांचा तपास करणाऱ्या विमान अपघात अन्वेषण विभागाने १२ जुलैला प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा नियंत्रित करणारे स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले, इंधन का तोडले असे एका वैमानिकाने दुसऱ्याला विचारले आणि आपण तसे केले नाही असे दुसऱ्याने सांगितले, एवढे त्यात नोंदवलेले आहे. ते स्विच त्या स्थितीत कशामुळे गेले याचे उत्तर अहवालाने दिले नाही, कारण प्राथमिक अहवालाचे ते कामच नव्हे. हाती आलेली माहिती जशीच्या तशी मांडणे इतकीच त्याची मर्यादा असते.

हे नियम कोणा एका सरकारने सोयीने केलेले नाहीत. १९४४ च्या शिकागो कराराला जोडलेल्या १३ व्या परिशिष्टात ते आहेत आणि १९५१ पासून जगभरातील विमान अपघातांचा तपास त्याच आधारे चालतो. प्राथमिक अहवाल ३० दिवसांत द्यावा आणि अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत पूर्ण करावा, असे त्यात म्हटले आहे. अपघात ज्या देशात झाला तो देश तपासाचे नेतृत्व करतो आणि विमान जेथे घडवले गेले त्या देशालाही प्रतिनिधी पाठवण्याचा अधिकार असतो. अहमदाबादच्या तपासात अमेरिकेचे तज्ज्ञ आले ते याच अधिकाराने. मात्र या परिशिष्टातील सर्वांत मोलाचे वाक्य वेगळेच आहे. तपासाचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा असून दोष किंवा दायित्व कोणाच्या माथी मारणे हा नाही, असे ते वाक्य सांगते. गुन्हा घडला असेल तर पोलीस आणि न्यायालय यांचा मार्ग मोकळाच असतो. तो मार्ग स्वतंत्र ठेवलेला आहे, एवढेच.

हे वेगळेपण का हवे, यासाठी न्यूझीलंडचे उदाहरण द्यावेसे वाटते. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी एअर न्यूझीलंडचे पर्यटकांना अंटार्क्टिका दाखवायला नेणारे विमान एरेबस पर्वताच्या उतारावर आदळले आणि त्यातील सर्व २५७ जण मरण पावले. वैमानिकांनी विमान सुरक्षित उंचीच्या खाली आणले, अशा अर्थाचा निष्कर्ष पहिल्या अहवालाने काढला आणि बहुतेकांच्या दृष्टीने विषय तेथेच मिटला. त्यानंतर न्यायमूर्ती पीटर माहन यांच्या आयोगाने खोलात जाऊन पाहिले, तेव्हा समजले की विमानाच्या संगणकात भरायच्या मार्गाचे अक्षांश-रेखांश उड्डाणाच्या काही तास आधी बदलण्यात आले होते आणि तो बदल वैमानिकांना कोणीही सांगितला नव्हता. आपण सपाट, गोठलेल्या सामुद्रधुनीवरून जात आहोत अशी त्यांची समजूत होती, आणि समोरचा पांढरा डोंगर पांढऱ्या ढगांखालच्या त्या प्रकाशात डोळ्यांना दिसतच नव्हता. पहिल्या उत्तरावर थांबले असते, तर मार्गातील बदल वैमानिकांपर्यंत पोहोचवण्याच्या पद्धतीतला दोष तसाच राहिला असता.

प्रश्न : रेल्वे अपघाताची चौकशी रेल्वेच करते. मग सत्य बाहेर कसे येणार? (एक रोजचा प्रवासी, बदलापूर)

उत्तर : हा समज सर्वत्र आहे, पण तो पूर्णपणे बरोबर नाही. किरकोळ घटनांची चौकशी रेल्वेचे अधिकारीच करतात हे खरे. प्रवासी गाडीच्या गंभीर अपघातात जीवितहानी झाली, की वैधानिक चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडे जाते, आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. जो गाड्या चालवतो त्यानेच स्वतःची तपासणी करू नये, या विचाराने १९४१ मध्ये ही यंत्रणा रेल्वे बोर्डापासून वेगळी केली गेली. या आयुक्तांच्या रेल्वे सुरक्षा आयोगाचे मुख्यालय लखनौला आहे. नवा मार्ग प्रवाशांसाठी खुला करण्यापूर्वीही याच आयुक्तांची मंजुरी लागते. तरीही आयुक्त सामान्यतः रेल्वेच्याच सेवेतून आलेले असतात आणि त्यांच्या शिफारशी अमलात आणणे शेवटी रेल्वेच्या हाती राहते, त्यामुळे आपली शंका निराधार आहे असेही मी म्हणणार नाही. शिवाय हे अहवाल सर्वसामान्य वाचकाच्या हाती सहज पडत नाहीत. ते पडले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

ही चौकशी किती खोल जाऊ शकते, हे ओडिशातील बहानगा बाजार स्थानकावरील अपघातात दिसले. २ जून २०२३ च्या संध्याकाळी कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला होता, पण प्रत्यक्षात सांधा, म्हणजे गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारा रुळांचा जोड, लूप लाइनकडे, म्हणजे स्थानकातील बाजूच्या मार्गाकडे वळलेला होता. ताशी सुमारे १२८ किलोमीटर वेगाने धावणारी गाडी त्या बाजूला वळली आणि तेथे उभ्या असलेल्या, लोहखनिजाने भरलेल्या मालगाडीवर आदळली. तिचे घसरलेले डबे शेजारच्या मार्गावरून उलट दिशेने जाणाऱ्या गाडीच्या शेवटच्या डब्यांना धडकले. २९० हून अधिक माणसे मरण पावली.

सांधा एकीकडे आणि सिग्नल दुसरीकडे, असे कदापि होऊ नये म्हणूनच सांधा आणि सिग्नल एकमेकांशी बांधून ठेवणारी इंटरलॉकिंग ही यंत्रणा असते. मग हे घडले कसे? रुळांच्या कडेला राखाडी रंगाच्या लोखंडी पेट्या वाचकांनी गाडीच्या खिडकीतून पाहिल्या असतील. त्यांना आम्ही लोकेशन बॉक्स म्हणतो. दार उघडले की आत शेकडो तारांची जोडणी दिसते आणि प्रत्येक तारेच्या टोकाशी ती कोणती, हे सांगणारी खूण असते. बहानगा बाजार येथे काही वर्षांपूर्वी जोडणीत बदल झाले होते, पण तारांवरील खुणा त्यानुसार बदललेल्या नव्हत्या. ही चूक वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात आली नाही. अपघाताच्या दिवशी ९४ क्रमांकाच्या फाटकाचा विजेवर चालणारा अडथळा बदलण्याचे काम सुरू असताना त्याच चुकीच्या खुणांवर भरवसा ठेवून तारा जोडल्या गेल्या. सांधा वळलेला असूनही यंत्रणेला तो सरळ असल्याचा संदेश मिळत राहिला आणि तिने आपल्या हिशेबाने योग्य तोच सिग्नल दिला.

आयुक्तांच्या अहवालातील मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग याच्याही पुढचा आहे. १६ मे २०२२ रोजी, म्हणजे वर्षभर आधी, त्याच दक्षिण पूर्व रेल्वेच्या खडगपूर विभागात बांकडा नयाबाज येथे चुकीच्या जोडणीमुळे गाडी अपेक्षित मार्ग सोडून भलत्याच मार्गावर गेली होती. तेव्हा कोणाला इजा झाली नाही. त्या घटनेनंतर सदोष जोडणीचा प्रश्न सगळीकडे तपासून सोडवला असता, तर बहानगा बाजारचा अपघात टळला असता, असे अहवाल स्पष्ट म्हणतो.

अशा घटनांची नोंद का होत नाही, हे मी माझ्या अनुभवावरून सांगू शकतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका जंक्शनवर पावसाळी रात्री आम्ही लोकेशन बॉक्समधील केबल बदलत होतो. असे काम हाती घेण्यापूर्वी स्टेशन मास्तरांना डिस्कनेक्शन मेमो द्यावा लागतो, आणि काम संपवून, चाचणी करून रिकनेक्शन मेमो द्यावा लागतो. तोपर्यंत ती सिग्नल यंत्रणा वापरता येत नाही. स्थानकात शिरण्याआधीच्या होम सिग्नलबाहेर एक मेल गाडी खोळंबली होती आणि फोनवरून मास्तर दर दोन मिनिटांनी विचारत होते, "अहो, मेमो कधी देताय? कंट्रोल माझ्या मागे लागलाय." माझ्या हातात पेनही होते. आमच्याबरोबरचा एक जुना तंत्रज्ञ मात्र म्हणाला, "साहेब, पॅनलवरच्या दिव्यावर जाऊ नका. मी सांध्यापाशी उभा राहतो, मास्तरांना तो फिरवायला सांगा." भर पावसात कंदील घेऊन तो चालत गेला. मास्तरांनी बटण दाबले आणि फोनवर सांगितले की सांधा सरळ लागला. तिकडून त्या माणसाचा आवाज आला, "नाही साहेब, उलटा लागलाय." दोन तारांवरच्या खुणा एकमेकींच्या जागी होत्या.

आम्ही तारा बदलल्या, पुन्हा चाचणी केली, मेमो दिला आणि गाडी गेली. मात्र ही गोष्ट मी कोणत्याही वहीत लिहिली नाही. लिहिली असती तर खुलासा मागवला गेला असता, आधी काम करून गेलेल्या सहकाऱ्यावर आरोपपत्र आले असते आणि कदाचित माझ्यावरही. त्याच पद्धतीने त्याच हातांनी केलेले काम आणखी किती स्थानकांवर होते, हे कोणी तपासले नाही, कारण तपासण्याजोगे काही घडले आहे हेच आमच्या चौघांपलीकडे कोणाला ठाऊक नव्हते. त्या मौनाची टोचणी मला आजही आहे. चौकशीतून दोषारोप वेगळा ठेवावा, असे मी म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती कोरी राहिलेली वही असते.

प्रश्न : पावसाळी वेळापत्रक लागले की कोकण रेल्वेचा प्रवास दीड-दोन तासांनी लांबतो. गाड्या आधुनिक झाल्या, मग हे अजून का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपला त्रास मी समजू शकतो, पण हे वेळापत्रक दोन अपघातांतून शिकलेला धडा आहे. २२ जून २००३ च्या रात्री कारवारहून मुंबईकडे येणारी विशेष गाडी वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर आदळली आणि ५० हून अधिक प्रवासी मरण पावले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, महाड तालुक्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळांवरच्या दगडांवर आदळून घसरली आणि तिचे डबे पुलावरून खाली गेले. दोन्ही अपघात जूनमधले आहेत, हे ध्यानात घ्यावे. उन्हाळ्यात तापून भेगाळलेल्या डोंगराच्या कापांत पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी शिरते तेव्हा माती आणि दगड सुटतात.

गाडी कितीही आधुनिक असली, तरी तिला थांबायला अंतर लागतेच आणि वळणापलीकडचे चालकाला दिसत नाही. म्हणून पावसाळ्यात वेग कमी ठेवतात आणि मुसळधार पावसात दृष्टी पोहोचत नसेल, तर ताशी ४० किलोमीटरच्या वर जाऊ नये, अशी चालकांना सूचना असते. कापांचे उतार कमी करणे, दगडांना रोखणाऱ्या पोलादी जाळ्या बसवणे, धोक्याच्या जागी रात्रंदिवस पहारा ठेवणे ही कामे त्या दोन अपघातांनंतर मोठ्या प्रमाणावर झाली. रात्री दोन वाजता, धो धो पावसात, हातात बॅटरी घेऊन कापाखालून चालणारा गस्तीवाला आपल्याला गाडीतून क्षणभर दिसतो. आपले ते दोन तास त्या माणसाच्या कामात मिळवले जातात आणि मला तरी ते महाग वाटत नाहीत.

प्रश्न : ब्लॅक बॉक्स नेमके काय सांगतो? १९७८ साली मुंबईत 'सम्राट अशोक' हे जंबो जेट समुद्रात पडले, तेव्हा आम्ही वांद्र्याला राहत होतो. त्याचे कारण कळले होते का? (एक ज्येष्ठ वाचक, वांद्रे)

उत्तर : ब्लॅक बॉक्स काळा नसून गडद नारिंगी असतो, म्हणजे तो ढिगाऱ्यात चटकन दिसावा. एक यंत्र विमानाची उंची, वेग, कल, इंजिनांची स्थिती अशा गोष्टी नोंदवते, तर दुसरे कॉकपिटमधील आवाज. १,१०० अंश सेल्सिअसच्या आगीत तासभर टिकावे अशी त्यांची रचना असते. पाण्यात पडल्यास त्यांच्यावरील उपकरण ध्वनिसंकेत पाठवत राहते. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे विमान अटलांटिक महासागरात पडले, तेव्हा त्याची यंत्रे सापडायला जवळजवळ दोन वर्षे लागली. त्या अनुभवानंतर या संकेतांची मुदत ३० दिवसांवरून ९० दिवसांवर नेण्यात आली.

आता आपल्या आठवणीतील अपघाताकडे वळतो. १ जानेवारी १९७८ च्या रात्री दुबईसाठी सांताक्रूझहून उडालेले ते विमान दोन मिनिटांच्या आतच वांद्र्यासमोरच्या समुद्रात पडले आणि २१३ जणांपैकी कोणीही वाचले नाही. सुरुवातीला घातपाताचा संशय घेतला गेला. पाण्यातून काढलेल्या यंत्रांनी वेगळीच हकिगत सांगितली. विमान किनारा ओलांडून उजवीकडे वळले आणि पुन्हा सरळ झाले, पण मुख्य वैमानिकासमोरचे कृत्रिम क्षितिज दाखवणारे उपकरण बिघडल्यामुळे विमान अजून उजवीकडेच कललेले दाखवत राहिले. दिवसा उजेडी त्याने खिडकीतून पाहिले असते, तर चूक लगेच कळली असती. त्या रात्री समोर काळा समुद्र आणि काळे आकाश एक झालेले होते, मुंबईचे दिवे मागे पडले होते आणि क्षितिज म्हणून डोळ्यांना धरायला काहीच नव्हते. उपकरणावर विसंबून त्याने विमान डावीकडे वळवायला सुरुवात केली आणि ते नव्वद अंशांहून अधिक कलून खाली गेले. फ्लाइट इंजिनियरने तिसऱ्या, सुस्थितीतील उपकरणाकडे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केल्याचेही ध्वनिमुद्रणात आहे, पण तोवर हातात काही सेकंदच उरले होते. एका उपकरणाचे दुसऱ्याशी सतत ताडून पाहणे आणि विसंगती दिसताच कनिष्ठाने ठामपणे बोलणे यांवर आज वैमानिकांच्या प्रशिक्षणात जो भर असतो, तो अशाच अपघातांच्या अभ्यासातून आलेला आहे.

प्रश्न : अहवाल येतात आणि कपाटात जातात. एखादी शिफारस खरोखर अमलात आल्याचे उदाहरण द्याल का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : उदाहरण देतो, आणि जेथे ते पुरेसे घडले नाही तेही सांगतो.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे आणि कझाकस्तानचे अशी दोन विमाने आकाशात एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसे मरण पावली. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायचे होते, ते त्याखाली उतरले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर दिल्लीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे केले गेले, आणि समोरून येणाऱ्या विमानाची सूचना वैमानिकाला थेट देणारी टक्करविरोधी यंत्रणा भारतात येणाऱ्या विमानांना सक्तीची झाली. आज आपण ज्या विमानात बसतो, त्यात ती आहे.

दुसरी बाजू मंगळूरची. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान डोंगरमाथ्यावरील धावपट्टी ओलांडून दरीत गेले, १५८ जण मरण पावले आणि आठ वाचले. आपल्या महाराष्ट्रातील निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत आढळले, की मुख्य वैमानिक प्रवासाचा बराच काळ झोपलेला होता, विमान फार उंचावरून आणि वेगात आले, सुमारे ८,००० फुटांच्या धावपट्टीवर ते ५,२०० फुटांनंतर टेकले, आणि सहवैमानिकाने तीनदा परत फिरण्यास सुचवूनही उतरण्याचा हट्ट सोडला गेला नाही. त्यानंतर २०१२ मध्ये विमान अपघात अन्वेषण विभाग स्थापन झाला, ही मोठी सुधारणा होय. मात्र ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला, तशाच डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर, त्याच कंपनीचे विमान भर पावसात ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ४,४३८ फुटांनंतर टेकले आणि पुढे खाली कोसळले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. याही वेळी सहवैमानिकाने परत फिरण्यास सांगितले होते. दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचले, की काही परिच्छेद एकाच अपघाताचे वाटतात. धावपट्टी, उपकरणे, नियम यांविषयीच्या शिफारशी तुलनेने लवकर अमलात येतात. वरिष्ठाने कनिष्ठाचे ऐकावे, ही शिफारस कागदावरून कॉकपिटमध्ये उतरायला फार वेळ लागतो, आणि आपल्याकडे ती घरात, शाळेत, कचेरीत कोठेच उतरलेली नाही, हेही त्याचे एक कारण असावे असे मला वाटते.

प्रश्न : जलवाहतुकीच्या अपघातांकडे कोणी गांभीर्याने पाहते का? आमच्या भागात 'रामदास' बोटीची आठवण अजून काढतात. (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ उलटली आणि ६०० हून अधिक माणसे बुडाली. दिव्यांच्या अवसेला घरी पोहोचण्यासाठी निघालेली ती माणसे होती, त्यामुळे अलिबाग ते रेवस पट्ट्यातील कितीतरी घरांत त्या दिवसाची आठवण पिढ्यान् पिढ्या राहिली, यात नवल नाही.

सागरी तपासाची अडचण अशी, की जहाजाचा मालक एका देशाचा, ध्वज दुसऱ्याचा, खलाशी तिसऱ्याचे आणि अपघात चौथ्याच्या पाण्यात, असे नेहमीच असते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही परदेशी ध्वजाखालची जहाजे एकमेकांवर आदळली, शेकडो कंटेनर पाण्यात पडले आणि तेलाचा तवंग किनाऱ्यावरील कांदळवनापर्यंत आला. अशा घटनांत कोणी तपास करायचा आणि माहिती कशी वाटून घ्यायची, याची आंतरराष्ट्रीय संहिता त्याच वर्षाच्या आरंभापासून लागू झालेली आहे.

प्रवासी बोटींच्या बाबतीत जगाला सर्वांत अधिक शिकवले ते 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' या ब्रिटिश फेरीने. ६ मार्च १९८७ रोजी ती बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून निघाली तेव्हा गाड्या आत घेण्याचे पुढचे दार उघडेच होते. दार लावणारा खलाशी खोलीत झोपला होता आणि कप्तानाला आपल्या जागेवरून ते दार दिसत नव्हते. पाणी आत शिरून फेरी काही क्षणांत कलंडली, १९३ माणसे मेली. चौकशीत उघड झाले, की त्याच कंपनीची दुसरी फेरी १९८३ मध्ये अशीच उघड्या दाराने निघाली होती, आणि दार बंद असल्याचे दाखवणारा दिवा कप्तानापुढे बसवा ही कप्तानांची मागणी कंपनीने फेटाळली होती. बहानगा बाजार आणि झेब्रुगे यांत ३६ वर्षांचे अंतर आहे, तरी आधी मिळालेला इशारा दोन्हीकडे सारखाच वाया गेला. त्यानंतर ब्रिटनने १९८९ मध्ये सागरी अपघातांसाठी स्वतंत्र तपास संस्था उभारली, आणि जहाजाच्या सुरक्षिततेची जबाबदारी किनाऱ्यावरच्या व्यवस्थापनावरही टाकणारी आंतरराष्ट्रीय संहिता १९९८ पासून लागू झाली.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या लाँचवर, इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान नौका आदळली. त्यानंतर गेटवेच्या लाँचवर लाइफ जॅकेट घालणे सक्तीचे झाले. अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासात घाम येतो म्हणून ते काढून मांडीवर ठेवणारे प्रवासी मी पाहिले आहेत. आपण तसे करू नये, आणि तांडेल ते घालायला सांगत नसेल तर निघण्यापूर्वीच त्याला विचारावे.

प्रश्न : अपघात प्रत्यक्ष पाहिलेला सामान्य माणूस तपासात काही मदत करू शकतो का? (एक वाचक, कल्याण)

उत्तर : नक्कीच करू शकतो. रेल्वे सुरक्षा आयुक्तांची चौकशी सुरू होण्यापूर्वी वर्तमानपत्रांत सूचना येते. अपघाताविषयी माहिती असणाऱ्या कोणीही ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी येऊन साक्ष द्यावी किंवा लेखी पाठवावी, असे तिच्यात लिहिलेले असते. फार थोडे लोक जातात. आपण गेलात तर तिकीट, डब्याचा आणि आसनाचा क्रमांक, धक्का बसला तेव्हा आपण बसलेले होता की उभे, आधी आवाज आला की आधी हिसका, ब्रेक लागल्याचे जाणवले का, इतके आठवून त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवावे. चार दिवसांत इतरांचे ऐकून आपली आठवण बदलते. मोबाइलवर चित्रे घेतली असतील, तर मूळ फाइल तशीच जपावी, कारण दुसऱ्याला पाठवताना ती लहान होते आणि तिच्यातील वेळेची नोंद जाते. रुळांवरचे वा ढिगाऱ्यातील काहीही उचलू नये. जखमींना बाहेर काढण्यासाठी हलवावेच लागले, तर कोणती वस्तू मूळ कोठे होती हे तपास अधिकाऱ्यांना सांगावे.